पाच वॅटांची तफावत

पृथ्वी सूर्यापासून सरासरी अंतरावर असताना वातावरणाबाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर दर सेकंदाला जितकी सौरऊर्जा पडते, तिला ‘एकूण सौर प्रारण’ म्हणतात. पूर्वी या राशीला ‘सौर स्थिरांक’ असे नाव होते. परंतु सौरडागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राबरोबर ती साधारण ०.१ टक्क्याने कमीअधिक होते, हे अवकाशातील मोजमापांनी निर्विवाद केले. जमिनीवरून ते साधणारे नव्हते, कारण हवेने शोषलेल्या प्रारणाचा अंदाज बांधावा लागे आणि त्या अंदाजातील चूकच मूळ बदलापेक्षा मोठी ठरे.

१९७८ साली निंबस-७ या उपग्रहापासून अवकाशातील सलग नोंदी सुरू झाल्या. प्रारणमापीत ज्ञात क्षेत्रफळाच्या छिद्रातून सूर्यप्रकाश एका काळ्या पोकळीत सोडतात, मग झडप मिटून पोकळी तितकीच तापलेली ठेवण्यास किती विद्युत्‌शक्ती लागते ते पाहतात, आणि त्यावरून प्रारणाची तीव्रता काढतात. तरीही निंबस-७ने सुमारे १३७२ वॅट, तर १९८४च्या ईआरबीएस उपग्रहाने सुमारे १३६५ वॅट दाखवले. दिवसागणिक होणारे सूक्ष्म चढउतार ही उपकरणे उत्तम टिपत होती, म्हणजे त्यांच्यात स्थिरता होती. मूळ आकड्याची अचूकता मात्र नव्हती.

२००३मध्ये सोडलेल्या सोर्स उपग्रहावरील ‘टिम’ या उपकरणाने तर सुमारे १३६१ वॅट इतकेच प्रारण नोंदवले, आणि प्रचलित १३६६ वॅटांपासूनचे हे अंतर सूर्याच्या संपूर्ण चक्रातील बदलाच्या कितीतरी पट होते. उलगडा अखेर छिद्रांच्या मांडणीत सापडला. जुन्या उपकरणांत मोठे छिद्र पुढे आणि काटेकोर मापाचे लहान छिद्र आत, पोकळीजवळ असल्यामुळे गरजेपेक्षा जास्त प्रकाश उपकरणात शिरे, आणि त्यातील काही भाग विखुरला जाऊन पोकळीत पोहोचे. टिममध्ये हा क्रम उलटा होता. अमेरिकेतील बोल्डर येथील प्रयोगशाळेत, निर्वातात आणि सूर्याइतक्या तीव्रतेच्या प्रकाशात केलेल्या चाचण्यांनी या निदानाला बळ दिले, आणि २०११मध्ये ग्रेग कॉप व ज्युडिथ लीन यांनी १३६०.८ वॅट, अनिश्चितता ०.५ वॅट, हे मूल्य मांडले.

ही तफावत क्षुल्लक नव्हती. गोलाकार पृथ्वीवर ती वाटली जाऊन चतुर्थांश होते आणि परावर्तित भाग वगळल्यावर सुमारे ०.९ वॅट उरते. महासागरांच्या उष्णतेच्या नोंदींवरून पृथ्वीवर साठत चाललेली जादा ऊर्जाही साधारण याच मापाची आहे. मूळ आकडा सुधारला तरी दीर्घकालीन कल ओळखण्यासाठी दोन उपकरणांनी काही काळ एकत्र मोजणी करणे अटळ असते. १९८९ ते १९९१ या काळात ॲक्रिम या उपग्रहावरील प्रारणमापींच्या मालिकेत खंड पडला, आणि १९८६ आणि १९९६ या दोन सौरनीचतमांदरम्यान (चक्रातील सर्वांत मंद टप्प्यांदरम्यान) सूर्य किंचित प्रखर झाला काय, यावर रिचर्ड विल्सन आणि क्लाउस फ्रॉलिश या शास्त्रज्ञांत दीर्घ मतभेद राहिला. ही मोजणी पुढे नेणारा ग्लोरी उपग्रह मार्च २०११मध्ये कक्षेत पोहोचलाच नाही, तेव्हा खंडाची तीच आपत्ती पुन्हा ओढवण्याची चिन्हे होती. म्हणूनच बॅटरी क्षीण झालेल्या सोर्सला डिसेंबर २०१३मध्ये मुद्दाम काही दिवस चालू करून नव्या टीसीटीई उपकरणाशी त्याच्या नोंदी जुळवून घेतल्या गेल्या, आणि पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील टीसिस-१ची मोजणी २०१८पासून सुरू झाल्यावरच, फेब्रुवारी २०२०मध्ये, सोर्सला निरोप देण्यात आला.