परसातल्या कोंबडीचे पिवळे पाय रानकोंबड्याकडून आले

आंबोली असो, कणकुंबी असो की चोर्ला घाट, पहाटे झाडीतून ‘कुक्क-काया-काया-कुक्क’ अशी बांग आली की जाणकार लगेच सांगतात, हा गावातला कोंबडा नव्हे. गावातला शेवटी सूर लांबवतो, हा मध्येच तोडून टाकतो. बांगेआधी पंख फडफडवायची गावातल्याची खोडही याला नाही. मालवणीत हा रानकोंबो, कन्नडमध्ये काडुकोळी, पुस्तकात करडा रानकोंबडा.

जगात तो फक्त भारतात आहे. मुख्य ठाणं पश्चिम घाट. तिथून उत्तरेला डांग, सातपुडा करत अबूच्या डोंगरापर्यंत. इंदूरकडच्या वाचकांना पचमढी जवळची. करडा रानकोंबडा सागाच्या जंगलातला आणि तांबडा सालाच्या, असं पूर्वापार मानतात. या दोघांच्या हद्दी जिथे भिडतात, त्यात पचमढीचं नाव नेहमी घेतलं जातं.

दिवसभर तो जमिनीवरच असतो. पालापाचोळा उकरून वाळवी, किडे, दाणे, पडलेली फळं टिपतो. माणसाची चाहूल लागली की उडण्याऐवजी आधी पळून झुडपात गडप होतो. रात्री मात्र झाडावर चढून बसतो. कारवी किंवा बांबू फुलून बी पडलं की एरवी एकेकटे दिसणारे हे पक्षी त्या भागात मोठ्या संख्येने जमतात. मादी तपकिरी, छातीवर काळ्या कडांचे पांढरे ठिपके. ती जमिनीवरच्या खळग्यात चार ते सात अंडी घालते आणि साधारण 21 दिवस एकटीच उबवते. एवढे दिवस जमिनीवर बसून निभावून न्यायचं, तर रंग पाचोळ्यात मिसळणाराच हवा.

नराच्या मानेवरची पिसं वेगळीच. प्रत्येक पिसाचा दांडा टोकाकडे चपटा, रुंद होतो आणि तिथे मेणाचा थेंब थिजल्यासारखा पिवळसर चकचकीत ठिपका तयार होतो. विणीचा हंगाम सरला की ही पिसं गळतात, पावसाळ्यात मान काळपट दिसते, बांगही कमी होते. हीच पिसं त्याच्या जिवावर उठली. मासे पकडायचे नकली किडे बनवताना डोळ्यासारखा ठिपका हवा म्हणून युरोपात त्यांना मोठी मागणी होती. आता तिथे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. तरी फासे लागतातच. ‘रानातली कोंबडीच तर ती’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि गंमत त्या अर्ध्यातच आहे. घरगुती कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली, असं डार्विननं 1868 मध्ये लिहिलं होतं आणि मुख्यतः ते बरोबरच ठरलं. पण तांबड्याचे पाय राखाडी, मग आपल्या कोंबड्यांचे पिवळे कसे? 2008 मध्ये स्वीडनच्या उप्सला विद्यापीठातील संशोधकांच्या गटानं याचं उत्तर दिलं. खाण्यातून येणारं पिवळं रंगद्रव्य कातडीत मोडून टाकणारं एक जनुक असतं. पिवळ्या पायांच्या कोंबडीत ते कातडीपुरतं मंद चालतं, म्हणून पिवळेपणा टिकतो. जनुकाचं हे रूप तांबड्याकडून नव्हे, बहुधा करड्या रानकोंबड्याकडून आलं. म्हणजे माणसानं कोंबडी पाळल्यानंतर कधीतरी दोघांचा संकर झाला आणि ते पिवळे पाय कोंबडीबरोबर जगभर गेले. बाजारात पाय बघून कोंबडी निवडणारा खानापूरचा गिऱ्हाईक नकळत घाटातल्या पक्ष्याचीच खूण तपासत असतो.

आता चिंता उलट्या दिशेची आहे. जंगलाला लागून वस्ती वाढली, की गावठी कोंबड्या चरत चरत झाडीच्या कडेला जातात. घरगुती कोंबडीशी याचा संकर होतो, हे बंदिस्त पाळलेल्या पक्ष्यांत दिसलंय. मानमोडीसारखे कोंबड्यांचे रोगही रानातल्या भाऊबंदांना लागू शकतात. सध्या तरी जागतिक यादीत या पक्ष्याला तातडीचा धोका नोंदलेला नाही. पण नुसती संख्या मोजून संकर कळत नाही. बांग देणारा रानकोंबडा निव्वळ रानातलाच आहे का, हे पाहायला जनुकंच तपासावी लागतात. वस्ती रानाच्या कडेला असेल तर कोंबड्यांना वेळेवर लस देणं आणि संध्याकाळी त्यांना खुराड्यात कोंडणं, एवढं मात्र कुणालाही जमण्यासारखं आहे.