सहा सिलिंडरांचे जुने इंजिन : शक्तिवर्धनाचा क्रम

कारखान्यातून बाहेर पडलेले यंत्र एखादा कारागीर उघडतो, त्याची रचना समजून घेतो आणि त्यात सुधारणा करतो, तेव्हा त्या यंत्राच्या इतिहासात नवे प्रकरण सुरू होते. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीचे सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे इंजिन हे याचे बोलके उदाहरण होय.

1929 च्या मोटारींत आलेल्या या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर 120 अंशांच्या फिरण्याला एका सिलिंडरात ज्वलन होते. पिस्टनांचे धक्के परस्परांना निष्प्रभ करतात; म्हणून ते संथपणे चालते. त्याची मर्यादा मात्र श्वासोच्छ्वासाची होती. सहा सिलिंडरांत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेण्यासाठी तीनच मार्ग होते आणि जळालेला वायू बाहेर टाकण्यासाठी चार. शेजारच्या दोन सिलिंडरांना एकाच वाटेवर अवलंबून राहावे लागे. वेन हॉर्निंग या तंत्रज्ञाने बारा स्वतंत्र मार्गांचे हेड तयार करून ही अडचण दूर केली.

खुद्द कंपनीनेही 1953 च्या कॉर्व्हेट मोटारीसाठी 3.9 लिटरच्या या इंजिनाची शक्ती 150 अश्वशक्तीपर्यंत नेली. त्यासाठी तीन कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह अधिक उघडणारा कॅमशाफ्ट आणि 8:1 इतके कॉम्प्रेशन योजले. हेड घासून कॉम्प्रेशन वाढविता येते. परंतु ते अति झाल्यास मिश्रण अवेळी पेटते आणि पिस्टन फुटतात.

येथेच खरा धडा आहे. पूर्वीच्या शेव्हरोले इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या टोकाचे पळीसारखे भाग तेल उचलून बेअरिंगला पुरवीत. वेग वाढला की हे वंगण अपुरे पडे आणि बेअरिंग वितळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या अडीच टनी जीएमसी ट्रकमध्ये असलेल्या 4.4 लिटरच्या इंजिनात पंपाच्या दाबाने तेल पोहोचत असे. म्हणूनच शर्यतीचे शौकीन युद्धानंतर त्याकडे वळले.

तेव्हा क्रम असा : प्रथम ब्लॉकमधील तडे आणि सिलिंडरांची झीज तपासावी, मग क्रँकशाफ्ट, रॉड व पिस्टन यांचे वजन जुळवावे, बेअरिंग व तेलाचा दाब निर्दोष करावा. त्यानंतरच हेड, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर आणि धुराचे दुहेरी नळ यांना हात घालावा. पाया कच्चा ठेवून वर शक्ती वाढविली, तर ती शक्तीच यंत्राचा घात करते. कार्यशाळेत काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी हातातील कौशल्याला या कार्यकारणभावाच्या ज्ञानाची जोड द्यावी; मग जुने लोखंडही त्यांच्या हाती नव्या वेगाने धावेल.