एकच गळा, दोन आवाज

‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा ओपेथचा अल्बम लावला की पहिले काही सेकंद काहीच वाजत नाहीये असं वाटतं. आवाज वाढवायला हात पुढे जातो आणि तिथेच फसगत होते. लांबून सरकत आलेला एक सूर फुगत जातो आणि मग गिटार, ड्रम आणि पोटातून निघालेली गुरगुर एकदम अंगावर येते. नवख्या माणसाने इथेच हेडफोन काढून ठेवले, तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. पण १० मिनिटं २३ सेकंदांचं हे पहिलं गाणं, ‘द लेपर ॲफिनिटी’, शेवटी एकट्या पियानोवर येऊन विझतं. मधली वाट कधी बदलली, हे शोधायला बहुतेक जण ते पुन्हा लावतात.

ओपेथ हा स्टॉकहोमचा मेटल बँड. २००० साली चौघे जण गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये या अल्बमसाठी जमले: गायक-गिटारवादक मिकाएल ओकरफेल्ट, गिटारवर पीटर लिंडग्रेन, बेसवर मार्टिन मेंडेझ, ड्रमवर मार्टिन लोपेझ. दोन्ही मार्टिनांची मुळं उरुग्वेची. पाचवा माणूस इंग्लंडहून आला. पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनने ओपेथचा आधीचा अल्बम ऐकला होता आणि तो भारावून गेला होता. सहनिर्माता म्हणून त्याने सुरेल गायकीचे थर रचले, गिटारचे जादा पदर घातले, पियानोही वाजवला. २००१ मध्ये अल्बम बाहेर आला. नाव घेतलं होतं सत्तरच्या दशकातल्या एका विस्मृतीत गेलेल्या जर्मन बँडचं. ओकरफेल्टला जुन्या तबकड्या गोळा करण्याचं वेडच आहे.

गुरगुरणारा आणि गाणारा हे दोन वेगळे गायक आहेत, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं. दोन्ही आवाज ओकरफेल्टचेच. स्वरतंतूंच्या किंचित वर मांसल घड्यांची एक जोडी असते. एरवी गाताना ती बाजूला राहते, गुरगुरताना तीही थरथरते आणि आवाजाला तो खरखरीत खोलपणा येतो. नुसता घसा ताणून ओरडणाऱ्याचा आवाज चार दिवसांत बसतो. इथे सगळी मदार दमसासावर असते, आणि ही गोष्ट शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या कुणालाही वेगळी समजवावी लागू नये.

पण दोन आवाज येणं ही अर्धीच गंमत. खरी कारागिरी सांध्यात आहे, आणि ती बघायची तर ‘द ड्रेपरी फॉल्स’ घ्यावं. सुरुवातीला ॲकूस्टिक गिटार, मग तिच्यावर लांबवलेली, विलापासारखी इलेक्ट्रिक सुरावट. गायकाचा आवाज धूसर, भिंतीपलीकडून आल्यासारखा. ऐकणारा या हळवेपणात रमतो आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही: जड गिटार केव्हाच सुरू झालेली असते. त्यामुळे बऱ्याच वेळाने गुरगुर येते तेव्हा ती आगंतुक वाटत नाही. तिच्यासाठी पाट आधीच मांडून ठेवलेला असतो. ‘ब्लीक’मध्ये सगळा क्रम उलटा. तिथे गुरगुर आधी येते, आणि गिटारचा भार न उतरवता त्याच्यावर सुरेल गाणं चढतं. त्यात विल्सनचाही आवाज आहे. ‘हार्वेस्ट’मध्ये तर गुरगुर औषधालाही नाही, तरी ते शेजारच्या गाण्यांपेक्षा कमी उदास नाही. म्हणजे जड भागात चाल असते आणि हळव्या भागात सावट. एक संपलं की दुसरं सुरू, असा हिशेब इथे चालत नाही.

हा सांधा उसवला तर काय होतं, तेही ओपेथनेच करून पाहिलं. ‘डेलिव्हरन्स’ (२००२) जवळजवळ सगळा जड, ‘डॅमनेशन’ (२००३) पूर्ण शांत. दोन्ही उत्तम, ‘डॅमनेशन’ तर मेटलकडे ढुंकूनही न बघणाऱ्याला बिनधास्त द्यावा असा. तरीही ‘ब्लॅकवॉटर पार्क’ची ओढ दोन्हींत नाही. बँडलाही या अल्बमचं मोल ठाऊक असावं. बँडच्या विसाव्या वर्षानिमित्त एप्रिल २०१० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवला. पुण्याच्या रसिकांना २०१९ च्या एनएच-सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवात ओपेथ समोरासमोर ऐकता आला. तोवर त्यांच्या नव्या अल्बममधून गुरगुर हद्दपार होऊन काही वर्षं झाली होती. २०२४ च्या अल्बममध्ये ती परतली.

‘ब्लॅकवॉटर पार्क’ तुकड्यातुकड्याने ऐकणाऱ्यांकडून त्यातलं ‘पॅटर्न्स इन द आयव्ही’ हमखास गाळलं जातं. शब्द नाहीत, ड्रम नाहीत. १ मिनिट ५३ सेकंदांत संपणारं, बोटांनी छेडलेल्या गिटारचं एवढंसं काम. ६७ मिनिटांच्या अल्बममध्ये ते शेवटून दुसरं आहे. हेडफोन लावून सलग ऐकत आलेला माणूस इथे पहिल्यांदा खांदे सैल सोडतो. त्याच्या पुढे १२ मिनिटं ८ सेकंदांचं शीर्षकगीत वाट बघत असतं.