फोटोतला चेहरा आणि वहीतलं नाव : नॉर्वेतून गेलेल्या माणसांचा शोध

आज एका नावापासून सुरुवात करू. आन्द्रेआस लार्सेन डाल. जन्म १८४४ चा, नॉर्वेतल्या वाल्द्रेस खोऱ्यातला. १८६९ मध्ये तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या डेन काउंटीत गेला आणि पुढची दहाएक वर्षं नव्या वसाहतींत फिरून फोटो काढत राहिला. मग कॅमेरा ठेवला आणि लुथरन पाद्री झाला.

आता त्याचं नावच उलगडून बघा. आन्द्रेआस हे त्याचं स्वतःचं. लार्सेन म्हणजे लार्सचा मुलगा. डाल म्हणजे दरी; अशी नावं बहुधा शेतवाडीवरून येतात. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये आणि गावाला ‘कर’ लावून आडनाव, तसंच काहीसं. पण एक मोठा फरक आहे. आपला कर गाव सोडून गेला तरी आडनाव सोबत नेतो. नॉर्वेत माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की वाडीचं नाव बदलायचं! कायम आडनावाची सक्ती तिथे १९२३ च्या कायद्याने आली.

याचा परिणाम काय? दोन सख्खे भाऊ अमेरिकेत उतरले, एकाने लार्सन लावलं, दुसऱ्याने वाडीचं नाव. आज त्यांची पणतवंडं एकमेकांना ओळखत नाहीत. बहिणीचं तर विचारूच नका. ती गावी लार्सदात्तर, म्हणजे लार्सची मुलगी होती. अमेरिकेत नवऱ्याचं नाव लागलं आणि माहेरचा धागाच तुटला.

इथे डालचे फोटो कामाला येतात. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो काढून धुवावा लागे. म्हणून फोटोग्राफर अंधारखोली सोबतच घेऊन फिरायचा. घरात पुरेसा उजेड नसे, मग कुटुंब अंगणात येई. डालच्या फोटोंत टेबल, खुर्च्या, पुस्तकं, सगळं बाहेर मांडलेलं दिसतं. मागे घर, पुढे माणसं. असा फोटो मायदेशी पाठवला की न लिहिता निरोप पोचायचा : आमचं बरं चाललंय. पण जपून हं! ही मांडामांड आहे. कर्ज, आजारपण, दगावलेलं मूल फोटोत येत नाही. आणि १८३० च्या दशकातल्या करारांनी त्या भागातली जमीन ज्यांच्याकडून घेतली, ते हो-चंक लोकही या कुटुंबांच्या फोटोत दिसत नाहीत.

समजा, तुमच्या हाती असा फोटो आला, मागे नाव नाही. काय कराल? आधी फोटोग्राफर शोधा. तो कधी, कुठे काम करत होता हे कळलं की काळ आणि परिसर ठरतो. डालचा फोटो असेल तर १८७० चं दशक. मग त्या भागातल्या नॉर्वेजियन चर्चच्या वह्या आणि १८७० व १८८० ची अमेरिकन जनगणना बघा. चर्चच्या वहीत पुष्कळदा जन्मगावही असतं. तिथून उलटं नॉर्वेत. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालार्किवेट’ या संकेतस्थळावर १८६५ ची जनगणना आणि चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या मोफत बघता येतात. शिवाय ‘बिग्देबूक’ असतात, एकेका वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या कोण राहिलं ते सांगणारे ग्रंथ. आपल्या कुलवृत्तांताचे हे चुलतभाऊ; फक्त कुलवृत्तांत कुळामागे जातो, बिग्देबूक जमिनीमागे.

नाव जुळलं म्हणून लगेच ‘सापडले!’ म्हणू नका. एका गावात चार ओले लार्सेन असायचे. नाव, वाडी, जन्मवर्ष, तिन्ही जुळायला हवं. नाहीतर तुम्ही कुणा भलत्याच माणसाला आजोबा करून बसाल, आणि फोटोतले खरे आजोबा बिननावाचेच राहतील.

आणि आज घरी गेलात की आपल्या अल्बममधल्या फोटोंमागे पेन्सिलीने नावं लिहा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर.