चार बोटांचा प्रश्न

नाटकाला गेलाय. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि नेमक्या तुमच्या पुढच्या खुर्चीत भलामोठा अंबाडा घातलेल्या बाई येऊन बसल्या. आता दोन-अडीच तास तुमची मान घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडे. तुम्हाला हवं असतं तरी काय? त्यांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसेल एवढी उंची. फार नको, चार बोटं पुरतात.

आता गंमत ऐका. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात या चार बोटांपायी एक गल्ली नकाशावरून गेली, घरांना पत्रे ठोकले गेले आणि एका रस्त्याला आपली जुनी वाट सोडून वळसा घ्यावा लागला. त्या जागेचं नाव अ‍ॅनफील्ड. लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं मैदान.

या मैदानाचा जन्मच उलटा. आपल्याला वाटतं, आधी संघ आणि मग त्याच्यासाठी मैदान. इथे १८८४पासून खेळत होता एव्हर्टन, म्हणजे लिव्हरपूलचा आजचा हाडवैरी. बिअरची भट्टी चालवणारे जॉन हाउल्डिंग आणि क्लब यांच्यात भाड्यावरून वाजलं आणि १८९२मध्ये एव्हर्टनवाले बिऱ्हाड उचलून स्टॅन्ले पार्कच्या पलीकडे गेले. हाउल्डिंगच्या हाती राहिलं रिकामं मैदान. मग काय करायचं? त्यांनी मैदानासाठी नवा संघ काढला! लिव्हरपूल फुटबॉल क्लब निघाला तो असा.

मैदानाच्या एका टोकाला जी प्रसिद्ध गॅलरी आहे, तिला ‘कॉप’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवरून हे नाव आलं. जानेवारी १९००मध्ये बोअर युद्धात तिथे इंग्रजांची बरीच माणसं पडली, त्यांत लँकेशरच्या पलटणींतली पोरं पुष्कळ. त्याच लढाईत जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या हिंदी पथकात गांधीजी होते. आणि कॉपच्या कोपऱ्यावर झेंड्यासाठी जो उंच खांब उभा आहे, तो आहे ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाच्या डोलकाठीचा वरचा भाग. मर्सी नदीच्या काठी ते जहाज मोडीत निघालं, तेव्हा तो घोड्यांकरवी चढावरून ओढून इथे आणला. या जहाजाचा आणि आपला काय संबंध? १८७०मध्ये मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार टाकली, ती याच जहाजाने!

असो. आपण चार बोटांकडे येऊ.

स्टेडियम आखणारे या चार बोटांना ‘सी-व्हॅल्यू’ म्हणतात. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांपासून किती वरून जाते, त्याचं हे माप. ९० मिलिमीटर असलं तर उत्तम, ६० असलं तर चालवून घ्यायचं. एवढुसा आकडा. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि तो काय प्रताप करतो ते बघा. पहिल्या रांगेतल्या माणसाचे डोळे मैदानाच्या रेषेपासून १० मीटर मागे आणि २ मीटर वर आहेत असं धरा. प्रत्येक रांग ८० सेंटिमीटर खोल. प्रत्येकाला ९० मिलिमीटर मोकळी नजर द्यायची आहे. पहिली पायरी येते साधारण २६ सेंटिमीटरची. चाळिसाव्या रांगेपाशी पोचलात की तीच पायरी ३८ सेंटिमीटरची झालेली असते!

असं का व्हावं? कारण सगळ्यांना बघायचीय तीच एक रेषा. दुसऱ्याला पहिल्याच्या डोक्यावरून बघायचं, म्हणून त्याची नजर जरा जास्त तिरकी. तिसऱ्याची त्याहून तिरकी. प्रत्येक जण आपली चार बोटं आधीच्यांच्या चार बोटांवर रचत जातो, चक्रवाढ व्याजासारखा. म्हणून चांगली गॅलरी घसरगुंडीसारखी सरळ नसते. ती वाडग्याच्या कडेसारखी वर जाता जाता उभी होत जाते. पुढच्या वेळी एखाद्या स्टेडियमकडे बाजूने बघा, ती वळलेली रेघ दिसेल.

मग न्या की हवी तेवढी उंच! नाही नेता येत. चढ साधारण ३४-३५ अंशांच्या पुढे गेला की माणसाला उतरताना गरगरतं, आणि गोल झाल्यावर उड्या मारणारा माणूस तर थेट खालच्या रांगेत. म्हणजे उंच जायचं तर मागेही जायलाच हवं. शिवाय वर चढवलेली माणसं खाली उतरवायची असतात. ब्रिटनमध्ये यासाठी हिशेब बांधून दिला आहे: एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसं, आणि बाहेर पडायला जास्तीत जास्त ८ मिनिटं. म्हणजे एका मीटरमागे ५२८ माणसं. साडेआठ हजार खुर्च्या वाढवल्या तर नुसते जिनेच मिळून १६ मीटर रुंद हवेत! हे आकडे कुणी हौसेने काढलेले नाहीत. १९८९मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक कुंपणाशी चिरडले गेले. त्यात मेलेल्यांची संख्या आज ९७ धरली जाते. त्यानंतर मोठ्या मैदानांवर उभ्याने सामना बघणं बंद झालं आणि कॉपवरही १९९४मध्ये खुर्च्या आल्या. खुर्चीला उभ्या माणसापेक्षा जागा जास्त लागते. साहजिकच माणसं कमी मावायला लागली आणि गॅलऱ्या वाढवण्याची घाई आणखी वाढली.

गॅलरी वाढली की सावलीही वाढते. आणि इंग्रजी कायद्यात उजेडावरही हक्क सांगता येतो! एखाद्या खिडकीतून सलग २० वर्षं विनाअडथळा उजेड आत आला असेल, तर शेजाऱ्याने वाट्टेल तशी भिंत उभारून तो अडवायचा नाही. १८३२पासून हा कायदा लेखी आहे. म्हणजे वरच्या रांगेतल्या माणसाच्या चार बोटांचा हिशेब अखेर मागच्या गल्लीतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येऊन थांबतो.

आणि अ‍ॅनफील्डच्या मागे गल्ल्याच गल्ल्या. लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली, दाराला रस्ता लागलेली घरं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. गोदी कामगारांच्या वस्त्या या, आपल्या गिरणगावासारख्या, फक्त चाळी आडव्या पसरलेल्या.

यातल्या केमलिन रोडची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. क्लबला तिथली गॅलरी दुमजली करायची होती, म्हणून त्यांनी त्या बाजूची घरं एकेक करत विकत घेतली आणि पाडली. राहिलं फक्त २६ नंबरचं घर. दोन बहिणी राहत होत्या तिथे. त्या म्हणाल्या, नाही विकायचं. क्लब युरोप जिंकून येत होता, कपाटं चषकांनी भरत होती, पण या दोघींपुढे काही चालेना. वर्षानुवर्षं बेत कागदावरच. अखेर १९९०मध्ये त्यांनी घर सोडलं आणि १९९२मध्ये, क्लबच्या शंभराव्या वर्षी, दुमजली गॅलरी उभी राहिली. आपल्याकडे पुनर्विकासाला सही न देणाऱ्या भाडेकरूला काय काय ऐकावं लागतं ते आठवा. मला तर या बहिणींबद्दल पहिल्यापासून आदर आहे.

पुढे क्लबने ठरवलं, कटकटच नको, शेजारच्या स्टॅन्ले पार्कमध्ये नवंकोरं स्टेडियम बांधू. आराखडे झाले, परवानग्या झाल्या, मालक बदलले, पुन्हा नवे आराखडे. दहा वर्षं गेली. २०१२मध्ये नव्या अमेरिकी मालकांनी ते सगळं गुंडाळलं आणि सांगितलं, इथेच राहू, हेच वाढवू.

पण कसं वाढवणार? दर पंधरवड्याला इथे सामना. आपल्याकडे चाळ पाडताना भाडेकरूंना संक्रमण शिबिरात पाठवतात. इथे ४५ हजार प्रेक्षकांना कुठे पाठवणार? युक्ती अशी काढली की जुन्या मुख्य गॅलरीला हात न लावता तिच्या पाठीमागे नवी बांधत जायचं. डिसेंबर २०१४मध्ये काम सुरू झालं. पुढे लोक गाणी म्हणतायत, गोल होतायत, आणि त्यांच्या पाठीमागे पोलादी सांगाडा हळूहळू त्यांच्या डोक्यावरून वाकून बघायला लागलाय! लहान मुलाच्या मागे वडील उभे राहावेत तसा.

या सांगाड्याचं मुख्य हाड म्हणजे छपराची कैची. कौलारू घराच्या आढ्याखाली सुतार लाकडाची कैची करतो, तीच ही, फक्त सुमारे १४० मीटर लांब आणि ६५० टन वजनाची. खालचं मैदान १०१ मीटर लांब आहे, म्हणजे ही तुळई मैदानात आडवी ठेवली तर दोन्हीकडून बाहेर येईल. वजन म्हणाल तर दीडशेएक हत्ती. एवढी अवाढव्य कशाला? जुन्या गॅलऱ्यांमध्ये छपराला मध्ये मध्ये खांब असत आणि खांबामागे बसलेल्याला अर्धा सामना कानांनीच बघावा लागे. खांब काढायचे तर छपराचा सगळा भार दोन टोकांवर न्यायला हवा. ते काम त्रिकोण करतात. चार काठ्यांचा चौकोन बांधा आणि ढकला, तो कलंडतो. तीन काठ्यांचा त्रिकोण ढकला, हलत नाही. डुगडुगणाऱ्या बाकाला आपण तिरकी पट्टी ठोकतो ना, त्यामागचं शास्त्र हेच. त्रिकोणाला त्रिकोण जोडत जा, १४० मीटरची दरी पार होते.

मे २०१६मध्ये हंगाम संपला आणि खरी धांदल उडाली. जुनं छप्पर उतरवायचं, खालचा मजला नवा करायचा, दोन्ही भाग एकजीव करायचे, आणि हे सगळं एका उन्हाळ्यात. नव्या हंगामाचे पहिले तीन लीग सामने क्लबने परगावी खेळून घेतले. १० सप्टेंबरला दारं उघडली, तेव्हा साडेआठ हजार खुर्च्या वाढल्या होत्या आणि मैदान ५४ हजारांचं झालं होतं. खर्च ११ कोटी पौंडांच्या वर. समोर होता आधीच्या मोसमातला विजेता लेस्टर. लिव्हरपूलने ४-१ असा उडवला.

आता मागच्या अंगणाकडे या. जिथे ही नवी गॅलरी पसरली, तिथे लोथेअर रोडवर घरं होती. त्यातली काही क्लबने नव्वदच्या दशकापासून घेऊन रिकामी ठेवली होती. रिकाम्या घराचं काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. दारं-खिडक्यांना पत्रे ठोकले जातात. एका घराला पत्रा लागला की शेजारच्या घराची किंमत उतरते, शेजारी जातो, मग त्यालाही पत्रा. हीसुद्धा चक्रवाढच, उलट्या दिशेची. आम्हाला मुद्दाम कुजत ठेवलं, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. त्यात २००२पासून सरकारनेच उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या ओळी पाडून नव्या बांधायची योजना आणली होती. २०११मध्ये तिचे पैसे बंद झाले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी पाडायचं झालं होतं आणि बांधायचं राहिलं होतं. २०१३मध्ये महापालिका, क्लब आणि एक गृहनिर्माण संस्था यांनी मिळून परिसरासाठी २६ कोटी पौंडांचा आराखडा जाहीर केला. नवी घरं, नवी दुकानं, सुधारलेले रस्ते. बरंच झालंही. पण गंमत बघा, ६५० टनांची कैची वर चढवायला दोन वर्षंही लागली नाहीत, आणि गल्लीत माणसं परत आणायला वीस वर्षं पुरली नाहीत.

मैदानापासून हाकेच्या अंतरावर, ओकफील्ड रोडवर, मिचेल नावाची जुनी बेकरी होती. मालक थकले, वस्ती ओसरली, दुकान बंद पडलं. इमारत पाडायच्या यादीत होती. लिव्हरपूलच्या कला-महोत्सवाच्या निमित्ताने जान व्हान हेस्वाइक ही डच कलावंत तिथे आली आणि गल्लीतल्या लोकांना घेऊन त्या बंद बेकरीत बैठका घ्यायला लागली. दार उघडं दिसलं की लोक आत डोकावत आणि विचारत, पाव आहे का? बैठकवाल्यांच्या डोक्यात तिथेच उजेड पडला. २०१२मध्ये त्यांनी जमिनीसाठी लोकांची विश्वस्त संस्था काढली आणि २०१३मध्ये सहकारी तत्त्वावर भट्टी पुन्हा पेटवली. नाव ‘होमबेक्ड’. सहकार म्हटल्यावर मराठी माणसाने कान टवकारायला हरकत नाही! सामन्याच्या दिवशी पाय नावाची, पोटात रश्शाचं मांस भरलेली जाड कवचाची गरम कचोरी घ्यायला रांग लागते. एका पायला तर क्लबचे थोर प्रशिक्षक बिल शँकली यांचं नाव आहे. इमारत पाडायचं मग मागे पडलं.

इकडे मैदानाची भूक संपली नव्हती. अ‍ॅनफील्ड रोडच्या टोकाकडची गॅलरी वाढवायला २०२१मध्ये कुदळ पडली. पण मागेच रस्ता. मग रस्ताच वळवला! ज्या रस्त्याच्या नावाने ती गॅलरी ओळखली जाते, तोच आता तिला वळसा घालून जातो. २०२३मध्ये मध्येच कंत्राटदार कंपनी बुडाली, काम थांबलं, दुसऱ्यांनी पुरं केलं. सात हजार खुर्च्या वाढल्या आणि मैदान ६१ हजारांच्या पुढे गेलं.

अ‍ॅनफील्डवरचा सामना टीव्हीवर लागला तर एक करा. मुख्य कॅमेरा त्या १४० मीटरच्या कैचीखालच्या गॅलरीत असतो, म्हणून ती सहसा दिसत नाही. दिसते ती समोरची दुमजली गॅलरी, जिला आता क्लबचे गाजलेले खेळाडू केनी डाल्ग्लिश यांचं नाव आहे. केमलिन रोडवरचं २६ नंबरचं घर तिथे होतं.