दारची पत्री, दारची पाखरे

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की शहरांतील बाजारपेठा पत्रीच्या जुड्यांनी भरून जातात. गणरायास एकवीस प्रकारची पत्री वाहण्याची आपली परंपरा. परंतु जुडीतील माका कोणता, आघाडा कोणता, डोरली कोणती, हे आज किती घरांत सांगता येईल? परस गेले आणि त्याबरोबर ही ओळखही गेली.

या पत्रीकडे निरखून पाहिले तर ध्यानात येते, की हिमालयातील देवदारासारखा अपवाद सोडल्यास बहुतेक वनस्पती आपल्याच हवापाण्यात पिढ्यानपिढ्या वाढत आलेल्या आहेत. त्यांवर देवाइतकाच लहानग्या जीवांचाही हक्क आहे. फुलपाखराचा सुरवंट वाटेल ते पान खात नाही. प्रत्येक जातीची झाडे ठरलेली. रुईचे पान खाऊन वाढणारे नारिंगी पंखांचे 'प्लेन टायगर' रुईतील विषामुळे पक्ष्यांना नकोसे होते. कण्हेरीवर पांढऱ्या ठिपक्यांचे काळपट फुलपाखरू वाढते, तर बोरीवर काळ्या ठिपक्यांचे इवलेसे पांढरे. बेल हा लिंबाच्या कुळातला. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या 'ब्लू मॉरमॉन'चे सुरवंटही याच कुळातील झाडांवर पोसतात. शोभेच्या परदेशी क्रोटनवर मात्र यांपैकी एकाचेही पोट भरत नाही.

येथे भाविक मनापुढे एक पेच उभा राहतो. छिद्र पडलेले बिल्वदल पूजेस वर्ज्य. मग अळी दिसताच औषध फवारावे काय? आम्हांस वाटते, फवारू नये. अखंड पाने देवास वाहावीत, कुरतडलेली अळीसाठी झाडावरच राहू द्यावीत. चिमणी, शिंपी, शिंजीर हे पक्षी आपल्या पिलांना अळ्या-किडेच भरवितात. अळी मारली की फुलपाखरू जाते, आणि पिलाच्या चोचीतील घासही जातो. ज्या विघ्नहर्त्याचे वाहन एक उंदीर, त्याच्या पूजेसाठी लहान जीवांवर विष शिंपडणे शोभते काय?

जागा थोडी असली तरी चालते. दूर्वा, तुळस, माका, मरवा कुंडीत सुखाने वाढतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. जाईचा वेल गॅलरीच्या कठड्यावर चढविता येतो. बेल, शमी, बोर सोसायटीच्या आवारात लावावीत. रुईही तेथेच कोपऱ्यात असावी. तिच्या फुलांवर मोठे काळे भुंगे गुंजारव करीत येतात. मात्र रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आणि धोत्रा विषारी, म्हणून दोन्ही मुलांच्या हातापासून दूर असावीत. पूजेनंतरचे निर्माल्य कुजवून त्याच झाडांच्या मुळाशी घालावे. देवाचे देणे मातीस पोहोचते.

पावसाळा सरण्यापूर्वी प्रत्येक घराने पत्रीतील एक तरी रोप लावावे. स्वहस्ते वाढविलेल्या झाडाचे पान खुडताना त्याचे नाव मुलांच्या ओठी येईल, आणि त्याच झाडावर एखादा कोष उमलण्याची वाट पाहत असेल. गणरायाच्या चरणी याहून निर्मळ पत्री कोणती असू शकेल?