पाऊस पडला, दुष्काळ फिटला नाही

आटपाडीचा डाळिंब उत्पादक बागेचं पाणी मुद्दाम तोडतो. महिना-दीड महिन्यात पानं पिवळी पडून गळतात, वाढ थांबते, अन्न काड्यांत साठतं. मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी, की फुलकळी निघते. यालाच ताण देणं म्हणतात. आंबे बहार धरायचा, मृग की हस्त, हे विहिरीकडे पाहून ठरतं. मोजून दिलेली तहान झाडाला फुलवते. लांबलेल्या दुष्काळात मात्र ताण आपोआप बसतो आणि तो तोडायला पाणी नसतं. २०१२-१३ मध्ये इथल्या बागा टँकरवर जगवल्या गेल्या. तेव्हा फळाचा विचार कुणी करत नव्हतं, झाड वाचवायचं होतं.

या भागात पाऊस सारखा वाटलेला नाही: एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. अशा कमी पावसाच्या माण-जतच्या काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, येतो तो जमिनीतल्या ओलीवर. पेरणीनंतर पाऊस मिळेलच असं नाही. ओल आधीच कमी असेल तर कणीस पोटरीतच अडकतं. निसवलं आणि नंतर ओल सरली, तर दाणा भरण्यासाठी ताट स्वतःतली साखर वर देत राहतं आणि बुडाशी पोकळ होतं. जमिनीतली बुरशी तिथं शिरते. हा खडखड्या. आडवं पडलेलं ताट बुडाशी चिरून पाहिलं, तर आतला गर विरलेला आणि सुट्या धाग्यांवर कोळशाच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसतात. दाणा पोचट, कडबा निकृष्ट; म्हणजे माणसाचं आणि खिलारांचं, दोघांचंही वर्ष गेलं. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनला चारा छावणी उभारावी लागली, ती अशाच काळात.

शाळूचं नुकसान निदान त्याच हंगामात दिसतं. तासगावच्या द्राक्षाचं तसं नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या मालाची सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऐन उन्हाळ्याचे हे दिवस. तेव्हा पाणी फारच कमी पडलं तर पुढे पावसाळ्यात बाग वरून हिरवी दिसते, पण ऑक्टोबर छाटणीनंतर घडाऐवजी नुसती बाळी निघते.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या दुष्काळाचा उन्हाळा आला २०१९चा, आणि तेव्हा डोळ्यात न धरलेला घड २०२०च्या काढणीत कमी पडणार होता. मधल्या पावसाळ्यानं तो परत येत नाही. पंचनामा मात्र उभ्या पिकाचा होतो. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो, कारण पुरावा मिळू शकतो: ऑक्टोबर छाटणीआधी अनेक बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेतात, तिथं डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही ते पाहतात. तो अहवाल पंचनाम्याला जोडायला काय हरकत आहे?